चौदाचा पत्ता

"सर, माझं पान उघडत नाहीये."

"माझं पण."

"सर, इकडं तर नुसतं पांढरं येऊन राहिलं."

भिंतीकडच्या रांगेतून एकामागून एक हात वर झाले, तसा प्रेमानंद खिल्लारे एका कॉम्प्युटरकडून दुसऱ्याकडं धावायला लागला. परीक्षा सुरू व्हायला थोडाच वेळ उरला होता. उमेदवारांचे अंगठे घेऊन झाले होते, मोबाइल बाहेर पोत्यात बंद झाले होते, लॅबचं दार आतून लावलं होतं. आणि ज्या कॉम्प्युटरांवर प्रश्नपत्रिका उमटायची, त्यातले निम्मे म्हणत होते की सर्व्हर सापडत नाही. सकाळी हेच कॉम्प्युटर नीट चालत होते. त्यानं स्वतः एकेक तपासला होता. तपासणीनंतर सगळे एकदा बंद करून पुन्हा सुरू करायचे, हा परीक्षा घेणाऱ्या कंपनीचा नियम. तो पाळला, एवढंच काय ते मध्ये घडलं होतं.

त्या बंद पडलेल्या रांगेत, खिडकीपासून तिसऱ्या खुर्चीवर, त्याची मुलगी आकांक्षा बसली होती. आणि ती त्याची मुलगी आहे, हे लॅबमध्ये त्या दोघांखेरीज कुणालाच माहीत नव्हतं.

प्रेमानंद भित्रा माणूस होता. हे काही गुपित नव्हतं. हिंगोलीहून घरी जायला कळमनुरीच्या गाडीत बसला की तो वाहकाला विचारायचा, गाडी कळमनुरीलाच जाते ना? रोजची गाडी, रोजचा वाहक, तरी विचारायचा. गॅस बंद केला की नाही हे बघायला गल्लीच्या तोंडापासून परत फिरायचा. प्राचार्यांचा फोन आला तर उभं राहून बोलायचा, जेवता जेवता आला तर उष्ट्या हातानं उभा राहायचा. "समोर कोनी दिसून राहिलं का तुमाला?" असं त्याची बायको केशरबाई म्हणायची आणि त्याला खाली बसवायची. हिंगोलीबाहेरच्या एका खासगी तंत्रनिकेतनात तो लॅब असिस्टंट होता. तरुणपणी लागला, आता केस पिकले. एवढ्या वर्षांत त्यानं कुणाला उलट उत्तर दिलं नव्हतं, आणि याचा त्याला थोडा अभिमानही होता.

अशा माणसानं आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी लपवलं होतं.

आकांक्षा एका आरोग्य केंद्रात कंत्राटी नर्स होती. दर वर्षी कंत्राट संपलं की घरात सगळ्यांची झोप उडायची. कायम नोकरीची भरती कित्येक वर्षांनी निघाली होती आणि पोरीनं तिच्यासाठी डोळ्यांच्या खाचा करून अभ्यास केला होता. प्रवेशपत्र आलं तेव्हा तिघंही मोबाइलवर वाकले. केंद्राचं नाव वाचून केशरबाई आधी हसली आणि मग तिचा चेहरा उतरला. केंद्र बापाचंच कॉलेज होतं. कुणी माणसानं ते दिलं नव्हतं, कंपनीच्या कॉम्प्युटरनं आपोआप वाटलं होतं.

"मी सांगून टाकतो," प्रेमानंद म्हणाला होता.

"काई सांगू नका," केशरबाई म्हणाली. "केंद्र बदलून देतील म्हनता? अवं, नावच उडवतील लेकराचं. तुमी तुमच्या जाग्यावर, ती तिच्या जाग्यावर. कोनाला काय कळून राहिलं?"

म्हणून आज बाप पहिल्या गाडीनं आला होता आणि लेक दुसऱ्या. लॅबमध्ये तिनं त्याला 'सर' म्हणायचं, हेही घरीच ठरलं होतं.

सकाळी केंद्रप्रमुखानं सगळ्या कर्मचाऱ्यांना ओळीनं उभं केलं. विजयकुमार त्याचं नाव. कंपनीनं पाठवलेला तरुण माणूस होता, झोप न झालेला, पण बोलायला नीट. तो म्हणाला, "तुमच्यापैकी कुणाचं जवळचं माणूस आज इथं परीक्षेला आहे का? असेल तर आत्ताच हात वर करा. मी त्याची सोय दुसरीकडं करू शकतो. नंतर कळलं तर मी तुम्हाला वाचवू शकणार नाही, आणि त्या उमेदवारालाही नाही."

दुसरीकडं सोय करू शकतो, असं तो म्हणाला होता. केशरबाईचा अंदाज चुकला होता. हात वर करायला तीच वेळ होती. पण प्रेमानंदचा हात पँटच्या खिशात पेचकस धरून बसला तो बसलाच. मग विजयकुमार पुढच्या सूचनांकडं वळला, आणि वेळ गेली.

आता तो त्या रांगेतल्या पहिल्या कॉम्प्युटरपाशी गुडघ्यांवर बसून वायर बदलत होता. वायर बदलून काही झालं नाही. दुसरीकडची बदलली. तिथंही नाही. त्यानं भिंतीवरच्या लोखंडी पेटीतला स्विच बंद करून पुन्हा चालू केला. सगळ्या वायरी त्या स्विचमध्ये येऊन मिळायच्या. घाबरलेल्या माणसाला बंद-चालू करण्याइतका दुसरा दिलासा नसतो. पण यावेळी जे चालू होते त्यातलेही चार-पाच गेले.

"आता माझं पण गेलं!" मधल्या रांगेतली एक मुलगी रडवेली होऊन ओरडली.

मग आवाज वाढला. कुणीतरी टेबलावर थापा मारायला लागलं. मागून एक पोरगा मोठ्यानं म्हणाला, "मुद्दाम बंद पाडलं. पयलेच ठरलेलं हाय यांचं." बाहेर फाटकापाशी पालकांची गर्दी होती. आत उशीर होतोय हे त्यांना कसं कळलं कोण जाणे, पण 'पेपर फुटला, पेपर फुटला' असा गलका खिडकीतून स्पष्ट ऐकू यायला लागला. बंदोबस्तावरचा जमादार दाराच्या काचेला नाक लावून आत बघून गेला. प्रेमानंदला वाटलं, तो आपल्याकडंच बघतोय. त्याच्या मानेवरून घाम ओघळून कॉलरच्या आत गेला. कुठल्याशा जिल्ह्यात असंच काहीतरी झालं होतं आणि लॅबच्या माणसाला शर्ट बदलायचीही उसंत न देता जीपमध्ये घातलं होतं, असं त्यानं मोबाइलवर पाहिलं होतं. त्या माणसाचा चेहरा त्याला आठवायला लागला.

आकांक्षा मान खाली घालून बसली होती. तिनं एकदाही वर बघितलं नाही.

"खिल्लारे," विजयकुमारनं हाक मारली. तो एका कानाला फोन लावून बंद पडलेल्या कॉम्प्युटरचा पत्ता वाचत होता. "इकडं या जरा."

कॉम्प्युटरला पत्ता असतो, आणि तो त्याला रोज कुणीतरी द्यावा लागतो. आकांक्षा लहान असताना एकदा सुट्टीत लॅबमध्ये आली होती आणि तिनं विचारलं होतं, "पप्पा, याला कसं कळतं आपन कोनते ते?" प्रेमानंदनं सांगितलं होतं, आपल्या वस्तीत नगरपालिकेचा माणूस रंगाचा डबा घेऊन येतो आणि दारांवर घर नंबर लिहून जातो, तसाच इथंही एक नंबर वाटणारा असतो. कॉम्प्युटर सकाळी उठला की ओरडतो, मला नंबर द्या. वाटणारा देतो. पोरीनं विचारलं, "अन् दोन मान्सं डबे घेऊन आले तर?" तो म्हणाला, "तर पोस्टमन येडा व्हईल!" त्या वाटणाऱ्याचं इंग्रजी नाव, डीएचसीपी, तिनं तेव्हाच पाठ केलं. चार अक्षरांचा मंत्र असल्यासारखी ती आठवडाभर घरात ओरडत फिरली, शेवटी केशरबाईनं दटावून तिला गप्प केलं.

विजयकुमार स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाला, "हे बघा. जे चालू आहेत त्यांना आमच्या सर्व्हरनं नंबर दिलाय. दहानं सुरू होणारा. जे बंद आहेत त्यांचा नंबर वेगळाच आहे. मध्ये चौदा आहे. आमचा नाही हा. तुमच्या वायरीवर दुसरं कुणीतरी नंबर वाटतंय." त्यानं वर बघितलं. "हा चौदा कुणाचा आहे?"

प्रेमानंदनं तो आकडा पुन्हा एकदा वाचला.

चौदा त्याचा होता. लॅब नवी झाली तेव्हा नंबर वाटायला एक छोटी काळी पेटी आणली होती. तिच्यात मधला आकडा कोणताही घाला, चालतो, असं विकणाऱ्यानं सांगितलं. प्रेमानंदनं चौदा घातला. एप्रिलचा चौदा, बाबासाहेबांच्या जयंतीचा. आणि ऑक्टोबरचाही चौदा, दीक्षेचा. कुणाला कळणार नव्हतं, कुणी विचारणार नव्हतं, पण सगळ्या लॅबच्या पत्त्यात आपला चौदा आहे याचा त्याला कितीतरी दिवस मनातल्या मनात आनंद वाटत राहिला. ती पेटी पुढं जुनी झाली. त्यानंच ती काढून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवली होती. त्यालाही वर्षं झाली.

ती पेटी आज उठून नंबर वाटत होती.

सांगावं तर पुढचा प्रश्न येणार, तुमची पेटी नेमकी आज, परीक्षेच्या दिवशी कशी काय चालू झाली? आणि त्याच्या पुढचा, बंद पडलेल्या रांगेत तुमचं कोण आहे?

"बघतो सर," एवढंच तो म्हणाला. सकाळपासून खरं गिळायची ही दुसरी वेळ होती.

लॅबच्या मागच्या बाजूला फळ्यांचा आडोसा करून एक चिंचोळी खोली केली होती. वायरी, जुने पंखे, झाडू, सगळं तिथंच. आत पाऊल टाकताच त्याला सुकलेल्या झेंडूचा वास आला. वरच्या फळीवर काळी पेटी होती. तिच्या कपाळावर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली होती, कडेला झेंडूची एक पाकळी चिकटली होती, आणि तिचे हिरवे दिवे मजेत लुकलुकत होते. खाली शिपाई जळबा पोतेरं पिळत बसला होता.

"जळबा, ही पेटी कोनी काढली?"

"म्याच काढली की सर." जळबा उठला. "खंडेनवमीला तुमी नागपूरला गेलते न्हवं दीक्षाभूमीला. मंग पूजा म्याच मांडली. पक्कड, पेचकस, समदं मांडलं. कपाटात ही दिसली. म्हनलं, हिनं बी लई सेवा केली, हिला काहून वगळायची?"

"पूजा केली ते बरं केलं. पन चालू कोनी केली?"

"सकाळी मोठे साहेब म्हनले, टेबल मोकळं करा, हजेरी मांडायची हाय. आता पूजेतली चीज अडगळीत कशी टाकावी? हिची जुनी जागा मला ठावं व्हती. वायर बी तिथंच लटकून व्हती. लावली बराबर." त्यानं जरा अभिमानानं वर बघितलं. "लगेच दिवे लागले बगा. अजून जीव हाय तिच्यात."

प्रेमानंदनं हात वर करून दोन्ही वायरी उपटल्या. दिवे विझले. पेटी हातात घेऊन तो तसाच उभा राहिला. बाहेरचा गलका जळबालाही ऐकू येत होता. तो एकदा पेटीकडं आणि एकदा प्रेमानंदच्या चेहऱ्याकडं बघायला लागला, आणि हळूहळू त्याचा चेहरा पांढरा पडला.

"सर, हे बाहीर चाललंय... ते माझ्यानं झालं का वो?"

जळबाची पेन्शन जवळ आली होती. दिवाळीनंतर नातवाचं जावळ होतं, त्याचं आमंत्रण तो आतापासून देत फिरत होता. आपल्या तोंडावर सकाळपासून काय दिसत असेल, ते प्रेमानंदला त्याच्या तोंडावर दिसलं. काहीतरी बोलणं भाग होतं.

"वायर मीच लटकत सोडली होती, जळबा," तो म्हणाला. "लागंल कधीतरी म्हनून. तू बस, पानी पी."

पेटी काखेत घेऊन तो लॅबमध्ये आला. "सापडलं सर. जुनी पेटी चालू राहिली होती. तीच वाटत होती."

"चालू कुणी केली?"

"लॅब माझ्याकडं आहे सर."

विजयकुमारनं त्याच्याकडं क्षणभर रोखून बघितलं. पण खिडकीतून पुन्हा आरडाओरड आली आणि त्यानं फोन खिशात घातला. "ते नंतर बोलू. आता ऐका. ज्यांनी चुकीचा नंबर धरलाय ते आपणहून सोडणार नाहीत. प्रत्येकापाशी जाऊन जुना सोडायला लावायचा, नवा मागायला लावायचा. मी मधली रांग घेतो. भिंतीकडची तुम्ही घ्या. पटापट."

प्रेमानंद भिंतीकडं वळला. दाराकडून सुरुवात केली, म्हणजे खिडकी शेवटी येणार होती. पहिल्या उमेदवाराला बाजूला सरकवून तो वाकला, दोन ओळी लिहिल्या. एक सोडायची, एक मागायची. जरा वेळानं पान उघडलं. "आलं, आलं!" पोरगं खुर्चीतच उडालं. दुसरं उघडलं. तिसरं. प्रत्येक पान उघडलं की मागची कुजबुज थोडी कमी व्हायची, आणि प्रत्येक पान उघडलं की तो एक खुर्ची खिडकीकडं सरकायचा. पेटीची हळद त्याच्या बोटांना लागली होती. कीबोर्डवर पिवळे ठिपके उमटत होते. वर कोपऱ्यात कॅमेऱ्याचा लाल दिवा होता.

दोन ओळी लिहायच्या आणि पुढं सरकायचं. इतर सगळ्यांचं केलं तसंच तिचं. त्यात चोरी काही नव्हती, कुणाचा हक्क जात नव्हता. हे तो स्वतःला समजावत होता, आणि त्याच वेळी त्याला दिसत होतं की उद्या कुणी कॅमेऱ्याची चित्रं काढली, दोघांची आडनावं शेजारी शेजारी ठेवली, की त्या दोन ओळी काय होत्या हे कुणीही ऐकून घेणार नाही. बाप लेकीच्या कॉम्प्युटरवर वाकलेला आहे, एवढंच दिसेल.

तो तिच्यापाशी पोचला. आकांक्षाचे हात मांडीवर होते. ओढणीचं टोक तिनं बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोट लाल झालं होतं.

"सर," ती स्क्रीनकडं बघत म्हणाली, "माझं पण बंद आहे."

घरी ठरल्याप्रमाणेच ती बोलली. आवाजही परक्यासारखा बरोबर काढला. प्रेमानंद वाकला, बोटं कीबोर्डाजवळ नेली, आणि त्याला एकदम भलतंच दिसलं. पोरीला नोकरी लागली आहे, चांगला दवाखाना आहे, आणि जेवता जेवता फोन वाजला की ती उष्ट्या हातानं उभी राहते. आज नाही तर उद्या कुणीतरी विचारील, म्हणून. उभं आयुष्य. त्यानं तिला काय काय दिलं असेल नसेल, पण हे तिला द्यायचं नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं, आणि सकाळी आपण किती स्वस्तात सुटलो असतो ते आठवून रडूच यायला लागलं.

तो सरळ उभा राहिला. आणि त्यानं हात वर केला, उमेदवार करत होते तसाच.

"सर."

"काय झालं? होत नाही का?" विजयकुमार मधल्या रांगेतून म्हणाला.

"होतं सर. पण हा कॉम्प्युटर मी करणार नाही. ही माझी मुलगी आहे."

सगळ्या माना वळल्या. मागचा तो पोरगा म्हणाला, "बघा! म्हनलं न्हवतं का म्या?" पण त्याच्या बोलण्यात आता जोर नव्हता, त्याचं पान उघडलं होतं. आकांक्षानं डोळे मिटून घेतले.

विजयकुमार आला. तो ओरडला नाही, आणि त्यामुळं प्रेमानंदला जास्तच भीती वाटली.

"सकाळी मी विचारलं होतं."

"व्हय सर."

"हात का वर केला नाही?"

"भ्यालो सर."

"आणि आता?"

"आता बी भ्यालोच की," प्रेमानंद म्हणाला. आवाज इतका कापत होता की पुढच्या रांगेतली एक मुलगी खाली बघायला लागली.

"या मशीनला हात लावलाय?"

"सकाळी तपासताना सगळ्यांना लावला. तेव्हा कोन कुठं बसनार ते निघालं नव्हतं. आता नाही लावला."

विजयकुमारनं त्याच्या पिवळ्या बोटांकडं बघितलं, मग तिच्या कीबोर्डाकडं. मग त्यानं दार उघडून जमादाराला बोलावलं. "यांना बाहेर बसवा. पेपर संपेपर्यंत आत सोडू नका." आकांक्षाला तो म्हणाला, "तुम्ही पेपर द्या. मला हे अहवालात लिहावं लागेल. पुढचं वरचे लोक ठरवतील. माझ्या हातात नाही." आणि तिच्या खुर्चीशेजारी वाकून त्यानं स्वतः त्या दोन ओळी लिहिल्या.

दारातून बाहेर पडताना प्रेमानंदनं मागं वळून बघितलं. तिचं पान उघडलं होतं. ती त्याच्याकडं बघत नव्हती.

व्हरांड्यातल्या बाकावर तो बसून राहिला. आपल्याला आत्ता जीपमध्ये घालतील, मग घालतील, असं त्याला वाटत होतं, पण जमादारानं त्याला फक्त पाणी आणून दिलं आणि स्वतः उन्हात जाऊन तंबाखू मळत उभा राहिला. फाटकावरची गर्दी पांगली. थोड्या वेळानं प्राचार्य आले. प्रेमानंद उभा राहिला. प्राचार्य म्हणाले की चौकशी होईपर्यंत कॉलेजात यायचं नाही, किल्ल्या ऑफिसात द्यायच्या. त्यानं उभ्या उभ्याच कमरेची किल्ल्यांची जुडी सोडली. लॅबची, कपाटाची, मागच्या खोलीची. इतकी वर्षं ती जुडी त्याच बाजूला लटकायची, तिथं पँटचं कापड झिजून पांढरं पडलं होतं.

ते गेल्यावर जळबा येऊन शेजारी टेकला.

"सांगून आलो साहेबाला," तो म्हणाला. "पेटी म्या लावली म्हनून."

"काहून सांगितलं? माझं तर जायचं ते गेलंच होतं. तुझी पेन्शन..."

"तुमी सांगितलं ते काहून सांगितलं?"

जळबानं चुन्याची डबी काढली आणि पुन्हा खिशात ठेवली.

पेपर सुटला तेव्हा पोरंपोरी घोळक्यानं बाहेर आली, उत्तरं ताडून बघत, भांडत. आकांक्षा सगळ्यांत शेवटी आली. ती थांबली नाही. फाटकातून रस्त्यावर गेली, आणि प्रेमानंद तिच्या मागून दोन हात अंतरानं चालत राहिला, सकाळपासून पडलेल्या सवयीनं. कळमनुरीच्या गाडीचा थांबा म्हणजे एक पत्र्याची शेड होती. तिथं सावलीला दोघं उभे राहिले.

"काहून सांगितलं, पप्पा?" तिनं रागानं विचारलं. "दोनच ओळी होत्या. मला येतात त्या. मी पन लिहिल्या असत्या."

उष्ट्या हातांचं तिला कसं सांगायचं?

"पेपर कसा गेला?" त्यानं विचारलं.

"बरा गेला." ती रस्त्याकडं बघत होती. उसाची एक ट्रॅक्टर-ट्रॉली डुलत गेली, तिचा आवाज विरेपर्यंत ती थांबली. "कॉम्प्युटरच्या भागात एक प्रश्न होता. संगणकाला आपोआप पत्ता देणाऱ्या सेवेला काय म्हणतात. चार पर्याय होते."

प्रेमानंदला एवढ्यातही हसू आलं. "आला असंल की तुला!"

"येनार न्हाई तर काय? लहानपणी नाचत होते मी घरभर ते नाव घेऊन."

"मग?"

"सोडून दिला."

"सोडला? अगं, येत असून?"

"उद्या चौकशीत कोनी म्हनलं असतं, हे बापानं सांगितलं असंल," आकांक्षा म्हणाली. "तेवढा एकच प्रश्न तुमचा होता, पप्पा. तेवढाच सोडला."

एका प्रश्नानं यादीतून नावं जातात, हे त्याला माहीत होतं. तिलाही माहीत होतं. त्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली आणि ती घेऊ देईल की नाही याची त्याला भीती वाटली, पण तिनं दिली.

गाडी आली. भरलेली होती, मागं दोन जागा निघाल्या. गाडी कळमनुरीलाच जाते ना, हे विचारायचं प्रेमानंदच्या ध्यानातही आलं नाही. वाहक तिकिटं फाडत मागं आला. त्यानं प्रेमानंदला ओळखलं, शेजारच्या मुलीला ओळखलं नाही.

"एक पूर्ण, एक महिला," तो म्हणाला. "सोबत हायत ना?"

प्रेमानंदनं आधी आजूबाजूला बघितलं. परीक्षेची पोरं पुढं उभी होती, त्यातली दोघं मागं वळून बघत होती.

"सोबत आहोत," आकांक्षा म्हणाली, त्या पोरांना ऐकू जाईल अशा आवाजात. "हे माझे वडील आहेत."